बाटलीत काय आहे ते सांगा, मग 'पारंपरिक' म्हणा

तर झालं असं. गेल्या महिन्यात अमेरिकेहून टपालाने एक छोटी बाटली आली. खर्चासकट अठ्ठावीस डॉलर. लेबलवर घोड्याचा नाल, खाली 'व्हॅन व्हॅन ऑइल' आणि त्याखाली तो सगळ्यांचा लाडका शब्द, 'ट्रॅडिशनल'. बूच काढून वास घेतला, तर लहानपणी जत्रेत मिळायचं तसलं स्वस्त अत्तर! विकणाऱ्याला विचारलं, बाबा रे, यात घातलंयस काय? उत्तर आलं, हे परंपरेचं गुपित आहे, सांगता येत नाही.

गुपित? अहो, हे गुपित १९३५ सालापासून छापील पुस्तकात आहे!

थांबा, आधी हूडू म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, गुलामगिरीच्या काळात काळ्या लोकांनी जपलेली आणि घडवलेली ही लोकविद्या. मुळ्या, पाला, माती, तेलं आणि जोडीला बायबलमधली स्तोत्रं. व्हूडू हा धर्म, त्याच्याशी याची गल्लत करू नका. हूडू करणारे कित्येकजण रविवारी नेमाने चर्चला जातात. २००६ साली मी प्रोजेक्टसाठी मेंफिसला होतो. तिथे बील स्ट्रीटवरच्या एका जुन्या दुकानात ही तेलं पहिल्यांदा पाहिली आणि जमवायचा नाद लागला. आज कपाटात एकोणीस बाटल्या आहेत. त्यांनी नशीब उघडतं यावर माझा काडीचाही विश्वास नाही. आवडतात, एवढंच.

आता ते पुस्तक. झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिका आणि मानववंशशास्त्राची अभ्यासक. १९२८ साली ती न्यू ऑर्लीन्सला गेली आणि तिथल्या हूडू डॉक्टरांची रीतसर शिष्या झाली. 'म्यूल्स अँड मेन' या पुस्तकाच्या शेवटी तिने सामानाची यादीच दिली आहे. व्हॅन व्हॅन म्हणजे अल्कोहोलमध्ये दहा टक्के लेमनग्रासचं तेल. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा हो! पावसाळ्यात आई आल्याबरोबर टाकायची तोच. 'फास्ट लक' म्हणजे पाण्यात सिट्रोनेलाचं तेल. त्याने दुकानाची फरशी पुसायची, म्हणजे गिऱ्हाईक ओढलं जातं. आपल्याकडे शनिवारी दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात, त्याच जातकुळीतलं. 'रेड फास्ट लक'मध्ये दालचिनी, व्हॅनिला आणि विंटरग्रीन.

बघा गंमत. आम्ही संग्राहक 'अस्सल पारंपरिक तेल' कोणतं यावर हमरीतुमरीवर येतो, आणि हर्स्टनच्या यादीत त्यातलं एक अल्कोहोलमध्ये आहे, दुसरं चक्क फरशी पुसायच्या पाण्यात!

मग हे 'गुपित' आलं कुठून? धंद्यातून. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दक्षिणेतली लाखो काळी कुटुंबं शिकागोसारख्या शहरांत गेली. अंगणातली झुडपं मागे राहिली. ती गरज औषधांच्या दुकानांनी आणि टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांनी भागवली. त्यातले बरेच मालक गोरे. जाहिराती 'शिकागो डिफेंडर'सारख्या काळ्यांच्या वृत्तपत्रांत. कॅरोलिन मॉरो लाँग यांनी या व्यापाराचा सगळा इतिहास 'स्पिरिच्युअल मर्चंट्स' (२००१) मध्ये मांडला आहे. टपालातून फसवणूक केल्याचा खटला अंगावर येऊ नये म्हणून लेबलवर 'तथाकथित' असा शब्द टाकायचे, नाहीतर 'केवळ कुतूहलाची वस्तू म्हणून विक्री' असं छापायचे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ही भाषा लगेच ओळखतो. आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही! पुढे मोठ्या अक्षरात नशीब, मागे बारीक अक्षरात हात वर. आणि आत रंग आणि सुगंध घातलेलं खनिज तेल भरलं तरी पत्त्याने माल मागवणाऱ्या मोलकरणीला ते कळणार कसं? तिची मजुरी मात्र खरी होती.

इथे माझे मित्र म्हणतात, 'अरे, सगळीच अंधश्रद्धा! खोट्या तेलात भेसळ झाली तर तुला काय त्याचं?' हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. तेलाने नशीब उघडतं का हा एक प्रश्न. बाटलीत गवती चहा आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर विकणारा कधीच देणार नाही, पण दुसऱ्याचं देता येतं आणि दिलंच पाहिजे. श्रद्धा भोळी आहे म्हणून गिऱ्हाइकाला काहीही विकावं, असं म्हणणारा माणूस विवेकवादी कसला? तो विकणाऱ्याचाच भागीदार.

आणि मला काय त्याचं, ते ऐका. बाटली आल्यावर दोन आठवड्यांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीने कपाट उघडलं आणि ते 'अत्तर' दोन्ही मनगटांना चोळलं. संध्याकाळपर्यंत हात लालभडक, वर पुरळ. डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, 'यात काय आहे?' आणि मी, एकोणीस बाटल्यांचा मालक, पुस्तकं वाचलेला, ढिम्म उभा. पुरळ चार दिवसांत गेलं. पण दालचिनीचं तेल कातडी भाजतं आणि विंटरग्रीनचं तेल पोटात गेलं तर विषारी असतं, हे मला आधीपासून माहीत होतं. माहीत असून मी न सांगितलेली बाटली घरात ठेवली, कारण लेबल छान होतं. चूक विकणाऱ्याची, तशी माझीही.

तेव्हा तेल निवडताना वय, लेबल, 'सात पिढ्यांची कृती' वगैरे बाजूला ठेवा. घटक विचारा. जो सांगतो त्याच्याकडून घ्या, भले त्याची बाटली कालची असो. नुसत्या नाकावर विसंबू नका. गवती चहाचा वास ज्या सिट्रालचा, ते कारखान्यातही बनतं. आत तरंगणाऱ्या काड्यांवरही भुलू नका, काडी कुणीही टाकतं. जुनी बाटली लेबलासाठी घेत असाल तर खुशाल घ्या, पण मग 'मी लेबलं जमवतो' असं म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

मी आता एकोणीसचे दोन भाग केलेत. घटक माहीत असलेल्या बाटल्या पाच. उरलेल्या चौदा कुलपात, आणि त्यांच्यावर मी स्वतः चिठ्ठी चिकटवली आहे, 'आत काय आहे ते माहीत नाही'. माझ्या संग्रहातलं हे एकमेव खरं बोलणारं लेबल.