पाणी शेतात आले, ताटात कधी येणार?

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत सुमारे २००० वर्षांपूर्वीची दोन दाने नोंदलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दान दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. पाणी आणि भोजन ही दोन्ही दाने एकाच परिसरात कोरलेली असावीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण आज जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पाणी आणि भोजन यांचीच फारकत झालेली दिसते.

माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि डिंभे या पाच धरणांचे हे तालुके. पूर्वेकडे कालवे, विहिरी, शेततळी आणि ठिबक यांच्या बळावर ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे पिकतात. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत मुसळधार पाऊस पडतो, भात होतो, हिरडा गोळा केला जातो. परंतु होळी उलटली की त्याच गावांतील मायबहिणी हंडे घेऊन झऱ्यांच्या वाटेला लागतात. म्हणून तेथे वनराई बंधारा, झऱ्याचे टाके, छोटी उपसा योजना हवीच, याविषयी दुमत नाही. प्रश्न पुढचा आहे : पाणी आल्यावर घरात नेमके काय बदलते?

पहिला बदल श्रमांत होतो. कोरडवाहू शेतात वर्षातील काही महिने तरी हाताला उसंत असे. बागायत आली की दुसरे आणि तिसरे पीक आले. त्याबरोबर खुरपणी, कांदालागवड, टोमॅटोची तोडणी आली. ही कामे बहुतांशी स्त्रियांची. मोटार, ठिबकचे नळ, खताचे दुकान, बाजार समितीची पट्टी आणि बँकेचे खाते मात्र पुरुषांकडे. पाण्याने हंड्याची खेप कमी केली असेल, तर खुरप्याची वेळ वाढवली. त्यातच शेतीच्या विजेची पाळी अनेकदा रात्रीची. उसात बिबट्या असताना रात्री दारे धरायला जाणे पुरुषालाही जिवावरचे. बाईला तर घरातूनच मज्जाव. मग ‘बाईला पाण्यातले काय कळते’ असे म्हणायला आपण मोकळे! जे काम तिला शिकूच दिले नाही, त्याच कामाच्या अज्ञानावरून तिला निर्णयातून वगळले जाते.

दुसरा बदल ताटात होतो, आणि तो नेहमी चांगलाच असतो असे नाही. जिरायती शेतात बाजरीबरोबर मटकी, हुलगा असे. डोंगरउतारावर नाचणी, वरई असे. बांधावर वालाचा वेल, अंबाडी, शेवगा असे. नगदी पिकाने बांध अरुंद केले आणि तणनाशकाने पालेभाज्या संपवल्या. कोणी म्हणेल, हातात पैसा आला की भाजी विकत घेता येते. हे अर्धे खरे आहे. पैसा हंगामात एकदम येतो आणि कर्जाचा हप्ता, बोअरवेल, लग्न अशा वाटांनी जातो. भाजी मात्र रोज लागते. शिवाय पैसा कोणाच्या हाती आहे, यावर तो कशात खर्च होईल हे ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणारी बाई दुबार पिकाचे कष्ट कोणत्या रक्तावर उपसणार? आणि दिवसभर ती वावरात असेल, तर तान्ह्या बाळाला वेळेवर कोण भरवणार?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : सिंचनाचे यश भिजलेल्या एकरांवर मोजू नये, घरातील सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या ताटावर मोजावे. हे अशक्य नाही. आपल्याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने दिले गेले, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि उसाला मनाई झाली. पाणी जमिनीला चिकटलेले नसून माणसाला चिकटलेले आहे, हा त्यातला विचार. तो एक पाऊल पुढे नेऊन म्हणता येईल की, माणसांत बाईही मोजली पाहिजे.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक छोट्या योजनेत पहिले पाणी परसबागेला द्यावे; दोन गुंठे पालेभाज्या, शेवगा, पपई, वाल यांसाठी राखावेत आणि त्यांचा निर्णय घरातील स्त्रीकडे असावा. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावावे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कित्येक शेतकऱ्यांनी हे स्वखुशीने केले होते. मुलींचा वारसाहक्क तर २००५च्या कायद्याने निर्विवाद केला आहे. तो सोडून देण्याच्या कागदावर बहिणीची सही घेऊ नये. शेतीला दिवसा वीज मिळावी, ही मागणी बिबट्याच्या भीतीपुरती न ठेवता स्त्रियांच्या हक्काची मागणी म्हणूनही मांडावी. आणि मुलग्यांनी हंडा उचलावा, चूल पेटवावी.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीच धम्मश्रवणाला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घातले, मगच उपदेश केला. भुकेल्याच्या कानी धम्म पोहोचत नाही, हे त्यांनी जाणले होते. आपल्या निवासी शाळेतही घंटा आधी भोजनाची होते आणि मग अभ्यासाची. येथे मुलगा आणि मुलगी एकाच पंगतीत, एकाच वेळी, सारखे जेवतात. माजी विद्यार्थ्यांनो, त्या पंगतीतून उठून आपण आपापल्या गावी गेलो, संसार थाटले, विहिरी खणल्या, मोटारी बसवल्या. आपल्या घरी आज ती पंगत आहे का? आई, पत्नी, सून आपल्याबरोबर जेवायला बसते का? स्मरणिका वाचून मिटण्यापूर्वी एवढा एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर बदलाचा पहिला चर आपल्याच घरात खणावा लागेल.