घरांतील यंत्रें : मुका झालेला टेपरेकॉर्डर

पुष्कळशा घरांत माळ्यावर एखादा जुना कॅसेट-रेकॉर्डर आणि त्याच्याशेजारीं कॅसेटींनीं भरलेला बिस्किटांचा डबा पडलेला असतो. त्यांतील विकत घेतलेल्या गाण्यांबद्दल फारसें हळहळण्याचें कारण नाहीं. तीं बहुधा अन्य मार्गांनीं ऐकावयास मिळतात. परंतु त्याच डब्यांत आजोबांनीं म्हटलेलें विष्णुसहस्रनाम, आत्याच्या लग्नांतील मंगलाष्टकें किंवा नातवाचे बोबडे बोल असलेली एखादी कॅसेट असते, आणि तिची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नसते. दुरुस्तीचा खटाटोप करावयाचा तो या एका कॅसेटीसाठीं.

फिलिप्स कंपनीनें ही कॅसेट १९६३ सालीं बर्लिन येथील रेडिओ-प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें मांडली. तिच्यांतील फीत सुमारें ३.८ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदास सुमारें ४.७६ सेंटिमीटर या वेगानें सरकते. साधारण फितीच्या एका अंगास लोहाच्या ऑक्साइडाचा सूक्ष्म थर असतो. त्या थराच्या चुंबकत्वांतच आवाज सांठविलेला असतो. फीत समगतीनें ओढण्याचें काम एक बारीक पोलादी दांडी व तिच्यावर दाबून बसणारें रबरी चाक हीं दोन्हीं मिळून करितात. पुढें आलेली फीत गुंडाळून घेण्याचें काम उजवीकडील चातीचें. मोटारीची गति या सर्वांस बहुधा रबरी पट्ट्यांनीं पोंचते.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘यंत्र फीत खातें’ या सर्वपरिचित तक्रारीचें मूळ कळतें. दांडी व चाक फीत पुढें ढकलीत राहतात, पण पट्टा सैल झाल्यामुळें चाती थांबलेली असते. मग फितीनें जावें कोठें? ती रबरी चाकाभोंवतीं गुरफटते व चुरगळते. दोष बहुधा कॅसेटीचा नसतो, एका क्षुल्लक रबरी पट्ट्याचा असतो.

दुरुस्तीस बसतांना प्रथम विजेची पिन काढावी. आंतील मोठ्या कपॅसिटरांस हात लावूं नये. वीज बंद केल्यावरहि त्यांत कांहीं काळ विद्युत् शिल्लक राहूं शकते. प्रत्येक भाग सुटा करण्यापूर्वीं मोबाइलनें छायाचित्र घ्यावें, आणि स्क्रू निघतील त्या क्रमानें निरनिराळ्या वाट्यांत ठेवावे. सारख्या दिसणाऱ्या स्क्रूंची लांबी पुष्कळदां वेगळी असते. जुना पट्टा कित्येक यंत्रांत डांबरासारखा चिकट होऊन चाकांस लिंपलेला आढळतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या कापसानें समूळ पुसावा, नाहीं तर नवा पट्टाहि घसरतो. नवा पट्टा जुन्याच्या घेराहून किंचित् लहान घ्यावा, कारण जुना वर्षानुवर्षें ताणून वाढलेला असतो. हेड व पोलादी दांडी याच अल्कोहोलनें पुसावी. रबरी चाक मात्र साबणाच्या सौम्य पाण्यानें पुसून पूर्ण वाळवावें. वाळलेलें ग्रीस काढून नवें अगदीं थोडें लावावें. तेलाचा थेंबहि रबरावर पडतां कामा नये.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. हेडच्या बाजूस एक लहान स्क्रू असतो व त्यानें हेडचा तिरकेपणा बदलतो. आवाज दबका येऊं लागला कीं हा स्क्रू फिरविण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. घरचें ध्वनिमुद्रण जर याच यंत्रावर झालें असेल, तर त्या वेळीं हेड जितकें तिरकें होतें, तितकेंच तें असतांना तो आवाज सर्वांत स्वच्छ उमटतो. वेगाचेंहि तसेंच. मोटार तेव्हां मंद चालत असेल, तर बिनचूक यंत्रावर आजोबांचा धीरगंभीर आवाज पातळ व घाईचा वाटेल. वेगांतील फरक पुढें संगणकावर सुधारतां येतो. तिरकेपणामुळें हरवलेली धार मात्र तेथें पुरतेपणीं परत मिळत नाहीं. म्हणून तेंच जुनें यंत्र, आपल्या दोषांसह, त्या कॅसेटीची खरी किल्ली होय. आधीं हेड स्वच्छ करावें. तरीहि भागलें नाहीं, तर स्क्रूची मूळची जागा खुणेनें नोंदवूनच तो हलवावा.

दुरुस्त यंत्राची परीक्षा नेहमीं टाकाऊ कॅसेटीनें करावी, आणि तीहि दोन्ही बाजू पूर्ण वाजेपर्यंत. मौल्यवान कॅसेटीच्या मागील कडेवरील दोन लहान पाकळ्या मोडलेल्या नसल्यास मोडाव्या, म्हणजे चुकून ध्वनिमुद्रणाचें बटण दाबलें जाऊन आवाज पुसला जाण्याची भीति राहत नाहीं. कोंकणासारख्या दमट हवेंत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट न वाजवितां जाणत्याच्या हातीं द्यावी.

नवा पट्टाहि कांहीं वर्षांनीं सैल होणारच. म्हणून यंत्र बोलूं लागलें कीं त्याच दिवशीं तो आवाज संगणकावर उतरवावा व त्याच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवाव्या. शेजारीं घरांतील वडील मंडळींस बसवून कोण बोलत आहे, कोणत्या प्रसंगीं आणि कोणत्या सालीं, तें लिहून घ्यावें. पट्टा बाजारांत पुन्हां मिळेल. आवाज ओळखणारें माणूस मिळणार नाहीं.