द्राक्षांवरचे ‘स्टेरॉइड’

द्राक्षांचा हंगाम आला की ओपीडीत हमखास प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, द्राक्षांवर स्टेरॉइड मारतात म्हणे?’’ काही बागांत मारतात. होमोब्रासिनोलाइड, मणी फुगावेत म्हणून. मात्र या गटातील संप्रेरके वनस्पती स्वतःच बनवतात. पहिले १९७९ मध्ये मोहरीवर्गीय पिकाच्या परागकणांत सापडले. आपल्या शरीरातील स्टेरॉइड सहसा पेशीत शिरून जनुकांपर्यंत पोचते. वनस्पतीत ते पेशीच्या पडद्यावरील रिसेप्टरला चिकटते. तिथून निरोप आत जातो आणि एक प्रथिन केंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू-बंद करते. तो रिसेप्टर माणसात नाही. साम्य आहे ते रेणूच्या चार कड्यांच्या सांगाड्याचे. मला काळजी वाटते ती कीटकनाशकांच्या अंशाची, तेव्हा द्राक्षे धुऊनच खा. आणि ‘स्टेरॉइड’ या नावाला घाबरून दम्याचा पंप बंद करू नका. तसे केलेले रुग्ण धापा टाकत आमच्याकडे येतात.