शेगडीपुढले जपान

थंड हवेच्या ठिकाणी बदली होऊन गेलेल्या आपल्यापैकी काहींच्या दिवाणखान्यांत एक वस्तू मोठ्या मानाने उभी केलेली आढळते. काळ्या रंगाची लाकडी चौकट, तीत रेशमावर भरलेला करकोचा किंवा चेरीचा बहर, खाली दोन कमानदार पाय. आणि हे सारे भिंतीतल्या विलायती शेगडीच्या तोंडाशी. इंग्रजीत हिला फायर-स्क्रीन म्हणतात. पाहुण्याने चौकशी केली की यजमान अभिमानाने सांगतात, "अस्सल जपानी आहे, आणि जुनी." आमचे म्हणणे असे आहे की, ह्या दोन विशेषणांपैकी दुसरे कदाचित खरे असेल, पहिले बहुधा खोटे असते. आणि जेथे पहिलेही खरे असते, तेथे ती वस्तू शेगडीपुढे असणे हाच मुळी अपराध होय.

जपानी घरात भिंतीत बांधलेली, धुराडे असलेली शेगडी नव्हतीच. खेड्यातल्या घरात जमिनीत चौकोनी खळगा करून त्यात विस्तव ठेवीत. तिला इरोरी म्हणत आणि तिचा धूर छपरातून वाट काढी. शहरी घरात हिबाची, म्हणजे राखेत निखारे ठेवलेले भांडे. आणि थंडीत पाय शेकण्यासाठी कोतात्सू, म्हणजे विस्तवावर बैठे मेज व त्यावर गोधडी. ह्या तिन्हींशी माणूस जवळ सरकून बसतो. ज्या समाजाला उष्णता पुरेशी मिळत नव्हती, त्याने उष्णता अडविण्यासाठी पडदे का बनवावेत? अंगावर येणारी झळ ही भल्यामोठ्या कोळशाच्या शेगडीची आणि तिच्यापुढे खुर्ची टाकून बसणाऱ्या इंग्रजाची अडचण होती. उन्हाळ्यात त्याच शेगडीचे रिकामे काळे तोंड झाकावे, ही त्याची दुसरी अडचण. दोन्हींवर त्याने जो उपाय शोधला तो त्याच्या घरचा उपाय आहे.

जपानी पडद्याचे नावच पुरेसे बोलके आहे. त्याला ब्योबू म्हणतात; अर्थ, वारा अडविणारा. सातव्या शतकाच्या अखेरीस कोरियातल्या शिल्ला राज्याकडून आलेल्या नजराण्यात असे पडदे होते, अशी नोंद तिथल्या जुन्या इतिहासग्रंथात आहे. पुढे कागदी बिजागरीची युक्ती निघाली आणि पडद्याची पाने दोन्ही बाजूंना दुमडता येऊ लागली. तोवर प्रत्येक पान वेगळ्या किनारीत कोंडलेले असे, आता चित्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाहू लागले. पाने सम संख्येची, दोन, चार किंवा सहा, बहुधा पडद्यांची जोडी, उंची पुरुषभर, आणि पाहायचे ते जमिनीवर बसून, उजवीकडून डावीकडे. चहाच्या विधीत विस्तवाच्या भांड्यामागे फुरोसाकी-ब्योबू नावाचा एक ठेंगणा, दोन पानी पडदा ठेवतात, आणि आमच्या मताविरुद्ध पुरावा म्हणून तो कोणी पुढे करील हे आम्ही जाणून आहो. परंतु तो माणूस आणि विस्तव ह्यांच्या मध्ये येत नाही. तो विस्तवाच्या पलीकडे राहतो, चहाच्या सामानाची जागा आखून देतो आणि वाऱ्यापासून आडोसा करतो. म्हणजे जपानी पडदा विस्तव सांभाळतो, विलायती पडदा विस्तवापासून सांभाळतो. ह्याहून उलट दिशा ती कोणती असणार?

मग ह्या वस्तूला जपानी हे नाव कसे लागले? त्याचा इतिहास लंडनचा आहे. १८५० नंतर जपानची बंदरे पाश्चात्त्यांना खुली झाली. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जपानमधील ब्रिटिश वकील रदरफर्ड अल्कॉक ह्यांनी जमविलेल्या सहाशेहून अधिक वस्तू मांडल्या गेल्या आणि तिथल्या रसिकांना जणू वेड लागले. ई. डब्ल्यू. गॉडविन ह्याने काळ्या रंगाचे, सरळ रेषांचे जे फर्निचर आखले त्याला 'अँग्लो-जपानी' असे नाव पडले; हा गृहस्थ जपानला कधी गेलाच नाही. क्रिस्टोफर ड्रेसर १८७६-७७ मध्ये गेला, परंतु बाजारात जे खपत होते ते न गेलेल्यांचे. १८७५ मध्ये आर्थर लिबर्टी ह्यांनी रीजंट स्ट्रीटवर दुकान उघडले आणि त्याला चक्क 'ईस्ट इंडिया हाऊस' असे नाव दिले. जपानी माल विकणाऱ्या दुकानाला आपल्या देशाचे नाव! पूर्व म्हणजे एकच एक मोठी वखार, अशी जी समजूत होती तिचे ह्याहून स्वच्छ प्रमाणपत्र कोणते? तिकडे जपानी कारागीरही चतुर होते. क्योटोच्या पेढ्यांनी पाश्चात्त्य दिवाणखान्यांच्या मापाने रेशमी भरतकाम करून पाठविले. ते काम उत्तम असे, पण कोणाही जपान्याच्या घरासाठी ते केलेले नसे. चित्रकारांनी रंगविलेले जपान ही निव्वळ कल्पनेची निर्मिती आहे, असे ऑस्कर वाइल्डने १८८९ मध्येच बजावले होते. लंडनला ते तेव्हा कळले होते. आम्हांला अजून कळावयाचे आहे.

आमच्याकडे ही वस्तू आली ती साहेबाच्या सामानातून. १८६४ पासून सिमला ही उन्हाळ्याची राजधानी झाली. सिमला, मसुरी, दार्जिलिंग, शिलाँग, उटकमंड येथे विलायतेची आठवण म्हणून शेगड्यांचे बंगले उठले आणि त्यांबरोबर शेगड्यांचे सारे गणगोतही आले: चिमटे, कोळशाचे डबे, पितळी जाळ्या आणि हे पडदे. साहेब गेला. बंगले आम्हां नोकरवर्गाच्या वाट्याला आले. अनेक ठिकाणी शेगडीत आता विस्तव पेटत नाही, कोपऱ्यात विजेचे यंत्र तापत असते. तरी तिच्यापुढे पडदा हवा, आणि तो 'जपानी' हवा, ही हौस मात्र वाढतेच आहे. ही जपानची आवड नव्हे. साहेबाच्या दिवाणखान्याची आवड जपानचे नाव घेऊन आमच्या घरात शिरली आहे. विलायती वस्तू म्हणून ती मांडायला आज आम्ही थोडे संकोचतो. आशियाई म्हणून मांडायला संकोच वाटत नाही, उलट सुसंस्कृत झाल्यासारखे वाटते. आम्हांला राग आहे तो ह्या सोयीचा.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. संस्कृतींची सरमिसळ ही नेहमीचीच गोष्ट आहे. सुंदर वस्तू सुंदर असते, तिच्या जन्मपत्रिकेशी काय करायचे? आम्ही सोवळेकरी नाही. मुंबईच्या पारशी स्त्रियांनी चिनी भरतकामाचा गारा नेसला, तो आपला केला, आणि हे काम चीनचे आहे हे कधी लपविले नाही. त्याहून जवळचे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले आणि पुढे गोव्याहून निघणारी त्यांची मोठी गलबते मकावमार्गे तिकडे जाऊ लागली. जपानी चित्रकारांनी ती गलबते, ते फुगीर विजारींचे व्यापारी, त्यांचे काळेसावळे सेवक आपल्या ब्योबूंवर रंगविले. कानो नाइझेनच्या जोडीतील एका पडद्यावर हत्ती असलेले परके बंदर आहे; ते गोवा असावे असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. चित्राचा विषय परका, पण पडदा पडदाच राहिला. पोर्तुगीजांनीही वस्तू उचलली तशी तिचे नावही उचलले. त्यांच्या भाषेत आजही अशा पडद्याला बिओंबो म्हणतात. उसने घ्यावे तर असे, सावकाराचे नाव न पुसता. आमचा वाद सरमिसळीशी नाही, खोट्या पावतीशी आहे.

खोटी पावती एवढ्यावर थांबती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. शेगडीपुढच्या चौकटीची उंची साधारण तीन फूट. खऱ्या ब्योबूची पाच-साडेपाच फूट. तेव्हा खरी वस्तू त्या चौकटीत बसवायची तर ती कापावी लागते. आणि ती कापली गेली आहे. सहा पानांच्या चित्रातले एक पान सुटे करून, वरखाली छाटून काचेत बसविलेले; नजराण्यावर घालायचा फुकुसा नावाचा भरजरी रुमाल किंवा किमोनोची पाठ फाडून ताणलेली, असे नमुने जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतात आणि त्यांनाच सर्वांत जास्त दाम पडतो. पैठणीचा पदर कापून त्याची उशी केली तर आपल्या घरातली आजी काय म्हणेल? मग क्योटोच्या आजीचा पदर फाडताना टाळ्या का?

त्यात पुन्हा विस्तव. जपानी लाख, उरुशी, हा झाडाचा चीक असून तो दमट हवेत धरतो. कोरड्या आचेने खालचे लाकूड आकसते आणि वरचा थर तडकून निघू लागतो. रेशीम उष्णतेने आणि प्रखर उजेडाने ठिसूळ होते. सोन्याचा वर्ख तर मंद उजेडासाठीच होता. अंधाऱ्या खोलीच्या आतल्या भागी ते सोने कसे उजळते ह्याविषयी तानिझाकी ह्यांनी १९३३ मध्ये लिहावयास घेतलेला निबंध प्रसिद्धच आहे. अशा वस्तूला भडकत्या जाळापुढे उभी करणे म्हणजे तिच्या मृत्यूची तारीख ठरविणे.

खऱ्या जपानी पडद्याशी भारताची भेट कशी झाली तेही सांगितले पाहिजे. १९१६ मध्ये रवींद्रनाथ योकोहामात हारा तोमितारो ह्यांच्याकडे पाहुणे होते. शिमोमुरा कान्झान ह्यांचा, आंधळ्या याचकाच्या कथेवरील, सहा-सहा पानांचा जोड-पडदा त्यांनी तेथे पाहिला आणि मूळ वस्तूवर हात न टाकता तिची नक्कल करवून घेतली. नक्कल करणारे आराई काम्पो त्याच वर्षी कलकत्त्यास आले, जोडासाँकोत शिकवू लागले आणि पुढे अजिंठ्यास जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करीत बसले. आमच्या लेण्यांपुढे ब्रश घेऊन बसलेला हा जपानी चित्रकार आम्हांला ठाऊक नसतो आणि लिबर्टीचा करकोचा ठाऊक असतो, ह्याची आम्हांला खंत वाटते.

ज्यांच्या घरी अशी चौकट आहे त्यांनी ती फेकावी असे आम्ही म्हणत नाही. तिच्या पायांना पितळी चाके आहेत का, काळा रंग उरुशी आहे की नुसते व्हार्निश, चित्र कडेला मध्येच तुटले आहे का, एवढे पाहावे. विलायती निघाली तर विलायती म्हणून सांगावी. व्हिक्टोरियाकालीन चांगले सुतारकाम म्हणून तिचा मान आहेच. कापलेले पान निघाले तर निदान ते शेगडीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर, आतल्या भिंतीला न्यावे. पुरावस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे हे विक्रेता सांगत नाही. ते अधिकाऱ्याने स्वतःच विचारावे, आणि वयाचा पुरावा लेखी मागावा. शेगडीत खरोखर लाकडे जळत असतील तर ठिणगी अडवायला लोखंडी जाळी लागते. ती बाजारात लोहाराकडे मिळते, आणि पुढच्या बदलीच्या वेळी ट्रकमध्ये फुटतही नाही.