शेतीवाडी : बुंध्यात दडलेले रान



पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात मराडी भागातली शेते १९८०च्या सुमारास उघडीबोडकी झाली होती. वाऱ्याने माती उडे, बाजरीची रोपे गाडली जात. नवी झाडे लावली तरी बहुतेक मरत. १९८३ साली टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आले, की शेतातली खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचेच फुटवे आहेत. मुळे जिवंत आहेत! मग प्रत्येक बुंध्यावरचे मोजके जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढेच काम. खर्च जवळजवळ नाही. पालापाचोळ्याने जमिनीचा कस वाढला, वारा अडला, सरपण मिळाले. तिथला 'गाओ' वृक्ष तर ऐन पावसाळ्यात पाने गाळतो, म्हणून पिकावर सावली पडत नाही. पुढे सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परतली.

खरी अडचण मालकीची होती. कायद्याने झाड सरकारचे, मग शेतकरी ते कशाला राखील? हा जाच सैल झाला तेव्हाच काम पसरले.

गावाकडे झाडांसाठी देणगी पाठवताना आपणही दोन गोष्टी विचारूया. जुने बुंधे शिल्लक आहेत का? आणि झाड कोणाचे होणार?