वर्गणी बंद केली, तर टपाल कोण पोचवणार?



२०२५ च्या ऑगस्टअखेरची गोष्ट. बंगळूरच्या टपाल कचेऱ्यांत, देशभर घडले तसेच, अमेरिकेचे टपाल घेणे थांबले. २५ ऑगस्टपासून आधी बहुतेक पार्सले बंद झाली, मग पत्रे आणि भेटवस्तूसुद्धा. या शहरात मराठी कुटुंबे पुष्कळ, आणि त्यांतल्या कितीतरी घरांतली मुले अमेरिकेत नोकरीला. ‘का बंद?’ याचे उत्तर देण्याची पाळी खिडकीवर बसणाऱ्या आपल्या बांधवांवर आली. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. दिवाळी तेव्हा आठवड्यावर आली होती. फराळाचा डबा वेळेवर पोचण्याची आशा उरली नव्हती.

कारण काय? ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत आयात शुल्काची माफी होती. ती वॉशिंग्टनने २९ ऑगस्टपासून एकतर्फी रद्द केली. शुल्क कोणी, कुठे, कसे गोळा करायचे याची घडी बसलेलीच नव्हती. जगातल्या ८८ टपाल यंत्रणांनी अमेरिकेची सेवा पूर्णतः वा अंशतः थांबवली आणि तिकडे जाणारे टपाल आठवड्याभरात ८१ टक्क्यांनी घसरले. हे आकडे बर्नच्या जागतिक टपाल संघाचे आहेत. शुल्काचा हिशेब आगाऊ व्हावा म्हणून सदस्य देशांसाठी व्यवस्था उभी करण्याचे कामही याच संघाला करावे लागले.

हा संघ म्हणजे काय, हे टपाल कामगाराला सांगायला नको. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ देशांनी तो स्थापन केला. भारत १८७६ मध्ये त्यात आला. एका देशात लावलेले तिकीट दुसऱ्या देशाचा पोस्टमन मानतो, तो या कराराच्या बळावर. आज १९२ देश त्याचे सदस्य आहेत आणि त्यांच्या वर्गणीवर त्याचा कारभार चालतो.

श्रीमंत देशातले काही पुढारी विचारतात, आम्ही अशा संस्थांना पैसा का पुरवावा? फायदा तर दुसरेच घेतात. या प्रश्नाला अमेरिकेचाच अनुभव उत्तर देतो. परदेशातून आलेल्या टपालाच्या बटवड्याबद्दल मिळणारा मोबदला फार कमी आहे, चीनहून येणारे छोटे पाकीट देशातल्या पाकिटापेक्षा स्वस्त पडते, अशी तिची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. २०१८ मध्ये तिने संघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला खास अधिवेशन भरले, वाटाघाटी झाल्या, आपला दर आपण ठरवण्याची मुभा तिला मिळाली आणि ती संघातच राहिली. टेबलाशी बसून गाऱ्हाणे सुटले. २०२५ मध्ये टेबल सोडून हुकूम काढला, तेव्हा अडकले ते जगाचे टपाल आणि अमेरिकेतले ग्राहकही. ज्याचा व्यापार मोठा, त्यालाच अशा व्यवस्थेची गरज मोठी. त्याची वर्गणी हा धर्मादाय नव्हे.

रेल्वे बांधवांनी हे परके समजू नये. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली. तिथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी. कामाच्या तासांचा करार त्याच परिषदेचा. त्यात हिंदुस्थानाला आठवड्याचे ६० तास लावून दुय्यम लेखले, हे खरे. तरीही तो आणि साप्ताहिक सुट्टीचा करार अमलात आणण्यासाठी १९३० मध्ये रेल्वे कायदा दुरुस्त झाला आणि रेल्वेतले ड्यूटीच्या तासांचे नियम आले. रोस्टरवर आज जो हक्क सांगतो, त्याचे एक मूळ तिथे आहे.

या श्रम संघटनेतून अमेरिका १९७७ मध्ये बाहेर पडली. खर्चाचा सुमारे पाव भाग एकट्या तिच्याकडून येत असे. कामे आखडली, माणसे कमी झाली. १९८० मध्ये ती परत आली. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटना आणि जुलैत युनेस्को सोडण्याचे जाहीर करून तिने तोच रस्ता पुन्हा धरला.

आम्ही या संस्थांचे भाट नाही. तिथे बड्या राष्ट्रांचा वरचष्मा असतो. संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार आपल्याच सरकारने आजतागायत मान्य केलेले नाहीत, आणि श्रम संघटना त्याला भाग पाडू शकत नाही. पण युनियनचा कारभार पसंत नाही म्हणून जो वर्गणी थांबवतो, त्याला आपण काय सांगतो? सभेला ये, बोल, मत दे. ज्याचा पगार मोठा, त्याची वर्गणी थांबली तर भार लहान पगारवाल्यावर पडतो. राष्ट्रांचेही तसेच आहे.

हे आपल्या देशालाही लागू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईच्या अधिवेशनात जागतिक टपाल संघाच्या दोन्ही मंडळांवर भारत निवडून आला. मानाचे पान घ्यायचे तर वाढत्या ऐपतीप्रमाणे वाटाही उचलला पाहिजे, आणि ८७ व ९८ वर सहीही केली पाहिजे.

९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन. त्या दिवशी बंगळूरपासून मुंबईपर्यंत प्रत्येक शाखेने, टपालच्या आणि रेल्वेच्याही, गेट मीटिंग घेऊन या दोन्ही मागण्यांचा ठराव करावा, असे आमचे आवाहन आहे.