गेज आणि माणूस

चाकणच्या कारखान्यात गेजात न बसणारा भाग ‘रिजेक्ट’ होतो. लोखंडाला त्याचे काय! पण तिथलाच एखादा धिप्पाड कामगार २०१३ साली उघडलेल्या खोपोलीच्या इमॅजिकात सहकुटुंब जातो. तासभर रांगेत तिष्ठून ‘नायट्रो’त बसावे, तो खांद्यांवरून येणाऱ्या दांडीचा पट्टा काही लागेना! पोरांदेखत बिचाऱ्याला उतरावे लागते. नियम रास्तच आहे. डोके खाली, पाय वर असताना माणसाला धरून ठेवते ती दांडीच. वजनकाट्याला इथे फारसे महत्त्व नाही. लठ्ठाचे पोट आणि उंचाचे खांदे आडवे येतात. म्हणून परदेशांत पुष्कळ ठिकाणी रांगेच्या तोंडाशीच मापाची खुर्ची ठेवतात. वाचकहो, ती सर्वत्र हवी. नकार द्यावाच लागतो. पण तो चारचौघांत, तासाभराने कशाला?